डगला काहून घालत नाई

मास्तर, बसा. खाटेवर बसा बाप्पा, खाली ओलं हाय, माह्या बायकोनं, माणिकनं, आत्ताच सारवलं. हा पाहा म्युनिसिपल कमेटीचा कागद. तिसरा हाय हा. पहिले दोन मी चुलीत घातले, पण यावर वकीलसाहेबाची सही हाय म्हणते चपराशी. वाचा बरं पुन्हा एकडाव. "बगीच्याचा माळी सहदेव हा कामावर असताना कमेटीचा डगला व पटका का वापरत नाही, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा."

खुलासा! नवीन सुपरवायझर आला अन् त्याले आल्याआल्या माहा डगला दिसला. बगीच्यातला नळ फुटला तो नाई दिसला. मले लिहिता येत नाई म्हणून तुमाले बोलावलं, गोवर्धन मास्तर. तुमी गावात नवे, तुमाले यातलं काही ठाऊक नाई. तं आधी सगळं आयका, मंग लिहा.

मी जातीचा माळी. बापानं वांगे, भेंड्या अन् मोगरा केला, मीही तेच करत होतो. पण गवत कोणी लावते काय, तुमीच सांगा. अन् तेही हरळी! साऱ्या वऱ्हाडातले लोक कपाशीतली हरळी खोदू खोदू मरतात, एक मूळ राहिलं तं तिच्या सात पिढ्यायले शिव्या देतात. अन् मले नारायणराव वकील, म्हणजे कमेटीचे अध्यक्ष, म्हणे, सहदेव, तलावाच्या काठावर दोन एकर हरळी लाव. मले वाटलं साहेबाले ऊन लागलं. ते म्हणे, अरे, याले लॉन म्हणतात, अमरावतीहून चिखलदऱ्याले जाणाऱ्या साहेबायच्या मोटारी इथं थांबतीन. कपाशीतलं तण निंदाले जाणाऱ्या बाया सडकेवरून हासत. "सहदेवभाऊ, आमच्या वावरातली न्या, फुकटात देतो!" मी म्हटलं, आणा. खरंच आणली त्यायनं, टोपले भरभरून.

दोन पावसाळे मी अन् माणिकबाईनं एकेक काडी हातानं रोवली. गोटे येचले, गाळाची माती टाकली, झारीनं पाणी घातलं. कमेटीनं काठावरची ही खोली देली राहाले, अन् दरसाल एक खाकी डगला अन् लाल पटका देला. नोकरी हंगामी. पण साठ सालच्या दिवाळीत ते गवत असं हिरवंगार झालं का मीच त्यावर पाय ठेवाले भेत होतो.

अन् दिवाळी झाली का हंस आले.

तसे ते दरसाल येतात, आमच्या आजापासून. कुठच्या तरी बर्फाच्या मुलखातून येतात म्हणतात. अंग राखाडी, मान लांब, डोकं पांढरं अन् मागून दोन काळे पट्टे, जसं कोणी काजळाचं बोट दोनदा ओढलं. दिवसा तलावाच्या मधात बसत अन् सकाळ-संध्याकाळ लोकायचा हरभरा चरत. लोक गोफण घेऊन माळ्यावर बसत, दोघायचंही भागत होतं. आता त्यायले काठालेच, पाण्याले लागून, दोन एकर कोवळं गवत सापडलं, राखणदार एक मी. सांगा, ते हरभऱ्याकडे कायले जातीन? पहिल्या दिवशी तीस होते. संक्रांतीले मी मोजाचं सोडलं.

खाणं एकीकडे, अन् घाण एकीकडे! बोटाएवढ्या हिरव्या लेंड्या, साऱ्या गवतावर, बाकायच्या खाली, पायरस्त्यावर. वकीलसाहेबाची सून बेबीताई लेकरू घेऊन फिराले आली अन् घसरून पडली. त्या दिवशी मी ज्या शिव्या खाल्ल्या, त्या मी पुढं दोन महिने हंसायले देल्या.

काय नाई केलं मी! राकेलचा डबा वाजवला. ते उडत, तलावाले एक चक्कर मारत अन् मी डबा खाली ठेवला का माह्या मागं येऊन बसत. दिवाळीचे उरलेले फटाके लावले. गोफणीनं ढेकळं फेकली, गोटा नाई, ढेकूळच, कारण आमच्या दोघायच्या गळ्यात माळ हाय. एक कुत्रं आणलं, तं एका बुढ्या हंसानं मान खाली घालून त्याले असं हाणलं का कुत्रं पार दर्यापूरकडे पळालं म्हणा ना. माणिक हासू हासू लोटपोट झाली. मी म्हटलं, हास, हास, उद्या कमेटी आपल्याले हाकलन तवा हास.

मंग तिनंच डोकं चालवलं. ती माळ्याची लेक, तिच्या माहेरी रीत होती का बुजगावण्याले मालकाचेच कपडे घालाचे. उसन्या कपड्याले पाखरू भेत नाई, वावरात मालक दिसला पाहिजे. तिनं माहा जुना डगला घेतला, मडक्याले चुन्याचे डोळे काढले, वरून लाल पटका बांधला. एवढं हुबेहूब का सकाळी फिराले आलेले वकीलसाहेब दुरूनच वरडले, "सहदेव, कामं सोडून उभा काय?" मी इकडं नळावर.

पहिले तीन दिवस काय सांगू मास्तर, एकही हंस काठाले आला नाई. वकीलसाहेब खुश झाले अन् त्यायनं कमेटीच्या चपराशायचे फाटके डगले-पटके मले पाठवले. मी अन् माणिकनं सहा बुजगावणी केली. साऱ्या बगीच्यात सहा सहदेव उभे, अन् सातवा मी त्यायच्या मधात, त्याच डगल्यात, त्याच पटक्यात, झारी घेऊन बोंबलत फिरतो.

आता तुमी शिकलेले हाव, तुमाले तवाच समजलं असतं. आमाले नाई समजलं. आठ दिवसांत हंस बुजगावण्याच्या सावलीत बसाले लागले. अन् बुजगावणं काही करत नाई तसं हा खाकीवालाही काही करत नाई, नुसता वरडते, हे त्यायनं शिकून घेतलं. मी "हाऽऽट, हाऽऽट" करत अंगावर गेलो का चार पावलं बाजूले सरकत अन् चरत. झारीच्या पाण्याखाली मान धरत. एक होता, त्याच्या चोचीचं टोक तुटलं होतं, तो तं माह्या मागं मागं फिरे, ओल्या गवतासाठी. माणिक म्हणे, "हा तुमचा पुतण्या." खोटं कायले बोलू, मास्तर, मले लेकरू नाई, अन् मले तो मागून फिरला तं बरं वाटे. तोंडानं शिव्या चालूच होत्या, पण जीव लागला होता.

मंग माघात कागद आला का मुंबईचे एक मंत्री चिखलदऱ्याले जातीन अन् जाता जाता आमच्या बगीच्याचं उद्घाटन करतीन. वकीलसाहेबानं मले बोलावलं. माणूस वाईट नाई तो, तुमाले खोटं सांगणार नाई. त्यायचे डोळे भरून आले होते. म्हणे, "सहदेव, या गावाले आजवर कोणी काही देलं नाई. एवढा एक बगीचा झाला, अन् तिथं मंत्र्याले हगणदारीत उभं करू काय? तू ते पक्षी घालव. त्या दिवशी लॉन साफ दिसलं तं तुले कायम करतो. नाई जमत तं मी उत्तमरावाले बोलावतो बंदूक घेऊन."

मी हात जोडले. "साहेब, होळीच्या आधी ते आपले आपणच जातात. तीन आठवड्यांचा सवाल हाय. मंत्र्याले होळीनंतर बोलवा."

ते हासले. "अरे वेड्या, मंत्री तुह्या हंसायले इचारून येते काय?"

घरी येऊन माणिकले सांगतलं. ती भाकर थापत होती, हात थांबला तिचा. म्हणे, "हे गवत आपण दोघायनं लावलं. या गवतावर रगत सांडलं तं मी या खोलीत पाणी पेणार नाई, सांगून ठेवते." मी म्हटलं, नाई सांडत. माळेले हात लावून म्हटलं. अन् मी तोंडानं कितीक शिव्या देत असो, आजवर माळेले हात लावून खोटं बोललो नव्हतो.

पंधरा दिवस होते. मी त्यायच्या पुढं लोटांगण घालाचं तेवढं बाकी ठेवलं. बुजगावण्यायचे हात सुतळीनं बांधून दुरून हालवले. घागरीत गोटे भरून खडखड केली. राख टाकली, मिरच्यायचा धूर केला, मीच खोकलून मेलो. ते चार पावलं सरकत. मी बुजगावणी उपटून फेकली, तरी काही नाई, कारण मी तं होतोच ना त्यायच्या मधात, सगळ्यात मोठं बुजगावणं. मंत्री याले दोन दिवस उरले त्या संध्याकाळी मी गवतात बसून रडलो, खरं सांगतो. "जा रे लेकहो, जा ना, दोन दिवस तरी जा!" तो तुटक्या चोचीचा माह्या पायाजवळचं गवत खात होता.

सकाळी उजाडताच वकीलसाहेब अन् उत्तमराव आले. उत्तमराव म्हणजे दर्यापूरकडचे जुने शिकारी, बारा बोरची बंदूक, तोंडात पान. हंस काठाले चरून राहिले होते. उत्तमरावानं चार पावलं टाकली असतीन, तं सगळ्या माना वर. आणखी दोन टाकली, तं सगळा थवा पाण्यात. माणूस बंदूकवाला हाय हे त्यायले ठाऊक होतं ना! मले वाटलं, चला, सुटलो. अशीच चार माणसं रोज फिरवली तं हंस इथं बसतच नाई. एवढी सोपी गोष्ट मले आधी काहून सुचली नाई, म्हणून मी कपाळावर हात मारून घेतला. मी तसंच म्हणणार होतो वकीलसाहेबाले.

पण उत्तमराव झाडाखाली उभे राहून पाहत होते. घटकाभरात हंस परत काठाले आले. मी सवयीनं गेलो हाकलाले, अन् ते माह्या चारी बाजूनं चरत राहिले. मी परत आलो तं उत्तमराव पान थुकून म्हणे, "वकीलसाहेब, याले सांगा, डगला काढून द्याले. पटकाही. अन् ती झारी."

मले समजलं, मास्तर. तिथंच समजलं. कोणी सांगाची गरज नव्हती. अन् समजूनही मी बटनं सोडली. हंगामी नोकरी, डोक्यावर त्यायचीच खोली, समोर वकीलसाहेब उभे. "दे रे सहदेव, उशीर होते," म्हणे. मी डगला काढून देला. पटका मी सोडत नव्हतो तं वकीलसाहेबानंच हळूच डोक्यावरून उचलला.

उत्तमरावानं डगला घातला, पटका बांधला, एका हातात झारी, बंदूक डगल्याखाली पायाले लागून. माह्यासारखंच पाय ओढत गेले, लबाड माणूस, चालही पाहून ठेवली होती त्यानं. हंसायनं मान वर करून पाहिलं अन् परत खाली घातली. ते पार मधात गेले. तो तुटक्या चोचीचा त्यायच्या मागं लागला, झारी दिसली ना त्याले.

मी बोंबललो. नोकरी गेली चुलीत, म्हटलं, अन् बेंबीच्या देठापासून बोंबललो. "हाऽऽट! हाऽऽट! उडा रे! उडाऽऽ!" एकही उडाला नाई. दोन महिने मी रोज हेच तं वरडत होतो. माहा आवाज त्यायले पाठ होता.

दोन बार झाले, मंग वर उडतानी आणखी दोन. धूर हटला तं गवतावर अकरा पडले होते. त्यातला पहिला कोणता होता, हे मी सांगत नाई.

उत्तमराव आले, डगला काढून माह्या हातात देला. "चांगला उबदार हाय रे," म्हणे. डगल्याले बारुदीचा वास येत होता. मी गवत धुतलं. दुसऱ्या दिवशी मंत्री आले, मोटारीतून उतरले, फीत कापली, एक पेला ताक पेले अन् गेले. गवताकडे त्यायनं पाहिलंही नाई, मास्तर. एकडावही नाई!

माणिकनं खरंच त्या दिवशी पाणी पेलं नाई. माह्याशी बोललीही नाई. संध्याकाळी कण्हेराच्या मुळाशी काही हाललं म्हणून ती गेली, तं एक हंस बसला होता, पंख मोडलेला. तिनं पदरात उचलून आणला. आधी त्याले वाटीनं पाणी पाजलं, मंग स्वतः पेली.

होळीच्या आधी बाकीचे गेले. वरून आवाज देत गेले, हा खालून आवाज देत राहिला, चार दिवस. मंग बंद झाला. त्याचा पंख बसला नाई, पण तो जगला. माणिकच्या हातून भिजवलेला हरभरा खाई, नळाजवळ ओलाव्यात बसे. पण मी डगला घालून दिसलो का वाकडा पंख ओढत थेट तलावात, अन् मी जाईपर्यंत मधात. पाहा बरं, सारा हिवाळा मी देवाले मांगत होतो का यायनं मले भ्यावं! एक दिवस मी डगला खुंटीले टांगून अंगातल्या नुसत्या बंडीवर गेलो, तं तो बसूनच राहिला. मी हात पुढं केला, तं हरभरा उचलला त्यानं. त्या दिवसापासून मी डगला घालाचं सोडलं. बस, एवढंच मले पाहिजे होतं, का याचं तरी आयुष्य नीट जावं अन् पुढच्या दिवाळीले त्याचे सोबती येतीन तवा तो त्यायले दिसावा. दोघायनं तेवढ्यावर दिवस काढले आमी.

वैशाख लागला. तलाव आटला, काठाले पावशेर पाणी अन् बाकी सगळा गाळ, वरून पापडी, खाली कंबरेएवढा चिखल. अशात एक दिवस चपराशी आला, का सहदेवले कायम केलं, वकीलसाहेब दुपारी स्वतः बगीच्यात येऊन हुकूम देणार, फोटोवाला येणार, नवा डगला घालून तयार राहा. नवा डगला त्यानं सोबतच आणला होता. माणिक म्हणे, "तिकडं सडकेवर जाऊन उभे राहा, बगीच्यात घालू नोका." मी म्हटलं, हो. माहा तसाच इरादा होता. पण वकीलसाहेब मोटार थेट नळापाशी घेऊन आले अन् म्हणे, "सहदेव, घाल डगला, ये इकडं, इथं हिरवळ चांगली दिसते."

मी घातला. दुसऱ्यांदा, मास्तर. एकडाव काढून देला, एकडाव घालून घेतला, दोनीही वेळा माह्याच हातानं.

फोटोवाल्यानं डोक्यावर काळं फडकं घेतलं तवाच मले नळाजवळ फडफड आयकू आली. तो उठून गाळाकडे धावत होता. भर दुपार, एकशेपंधरा डिग्रीचं ऊन. पापडीवर वीस पावलं गेला अन् फसला. मी मागं धावलो, अन् मी धावलो म्हणून तो आणखी मधात घुसला, मान वर अन् पंख आपटत. तवा मले भान आलं. डगला काढून फेकला, पटका फेकला, अन् चिखलात कंबरेएवढा उतरलो. मंग त्यानं मले पाहिलं अन् पंख आपटाचं थांबवलं. मी जवळ गेलो, त्यानं येऊ देलं. उचललं, तं मान माह्या खांद्यावर टाकली त्यानं. डगल्याशिवायचा मी त्याले चालत होतो.

माणिकनं चिखल धुतला, पाणी पाजलं, ओलं फडकं घातलं. चोचीतून पाणी बाहेरच आलं. मोटार जाईपर्यंत तो जगला, त्याच्यानंतर नाई.

हंस आताही येतात. तलावाच्या पार पलीकडे बसतात. इकडं कमेटीनं सहा नवी बुजगावणी केली हाय, खाकी डगल्याची, अन् ती आता भल्ली चालतात. एकही हंस गवतावर पाय ठेवत नाई. अमरावतीचे लोक पाहाले आले होते का ही युक्ती कोणाची, तं वकीलसाहेबानं माहं नाव सांगतलं. माणिक कधीकधी पलीकडे जाऊन हरभरा टाकून येते. मी जात नाई. बंडीवरही जात नाई. भरोसा माहा मलेच नाई, तं त्यायनं काहून ठेवावा?

काय मास्तर, दौत काहून बंद केली? अहो, लिहा ना. हे नोका लिहू, हे कमेटीले सांगाचं नाई, कमेटीले यातलं काय समजते! असं लिहा, का डगला अंगात बसत नाई, काखेत आवळते. लिहा अन् इकडं आणा. मी अंगठा देतो.